जावर: अरवलीच्या पोटातली जस्ताची जुनी खाण

डोंगरवाट

जावरच्या काही जुन्या भिंती विटांच्या नाहीत आणि दगडांच्याही नाहीत. दीड वीत लांबीच्या, मधे फुगीर आणि एका टोकाला निमुळत्या अशा भाजलेल्या मातीच्या मुशी (धातू काढायची भांडी) एकावर एक आडव्या रचून, फटींत चिखल लिंपून त्या उभ्या केल्या आहेत. एखादी फुटकी मूस जवळून बघा. बाहेरच्या अंगाला माती काचेसारखी वितळून ओघळलेली दिसते. आत करड्या रंगाचा, दगडासारखा घट्ट झालेला गाळ असतो आणि त्याच्या मधोमध काडी घालून पाडावं तसं लांब भोक. ते भोक तिथे का आहे, हे कळलं की जावर कळतं.

गाव उदयपूरच्या दक्षिणेला साधारण ४० किलोमीटरवर आहे, टीडी नदीच्या काठी. नकाशावर आणि कागदोपत्री ‘झावर माइन्स’ असं नाव सापडेल. आजूबाजूला मोचिया मगरा, बलारिया, जावरमाला, बरोई मगरा असे डोंगर. खडक डोलोमाइटचा. त्यात शिशाचं खनिज गॅलेना आणि जस्ताचं खनिज स्फॅलेराइट एकमेकांत मिसळून सापडतात. गॅलेनात थोडी चांदी असते, त्यामुळे सुरुवातीला माणसं इथे चांदी-शिशासाठी डोंगरात शिरली असणार. जुन्या कामांत, म्हणजे खोदलेल्या पोकळ्यांत, मिळालेल्या लाकडांचं वय कार्बन-१४ पद्धतीने दोन हजार वर्षांच्या मागे जातं. मेवाडच्याच दरीबा खाणीतली काही लाकडं तर तीन हजार वर्षांच्या आसपासची निघाली. धातुरूप जस्त मोठ्या प्रमाणावर काढणं मात्र नंतरचं, साधारण बाराव्या शतकापासून पुढे सहाएकशे वर्षं.

जस्त हा फार हट्टी धातू आहे. तांबं, शिसं, लोखंड यांचं खनिज कोळशाबरोबर भट्टीत घातलं की धातू खाली जमतो. जस्ताचं तसं होत नाही. त्याच्या ऑक्साइडमधून ऑक्सिजन काढून घ्यायला हजार अंशांच्या वर उष्णता लागते आणि जस्त उकळतं ९०७ अंशांना. म्हणजे धातू तयार होतो तोच मुळी वाफ होऊन. ही वाफ भट्टीतल्या हवेला लागली की लगेच जळून पांढरी भुकटी होते. उघड्या भट्टीत कितीही खनिज जाळलं तरी हाती राख. जगातल्या बऱ्याच संस्कृतींना पितळ माहीत होतं, पण सुटं जस्त कुणाला सहज मिळालं नाही, ते यामुळेच.

जावरच्या लोकांनी वाफेला खाली उतरवलं. भाजलेलं खनिज, कोळसा, थोडं मीठ असं मिश्रण मुशीत भरायचं, तोंडात मधोमध एक काडी खुपसायची आणि तोंडावर मातीचीच नरसाळ्यासारखी नळी लिंपून बसवायची. मग अख्खी मूस उलटी करून भट्टीत ठेवायची. काडीमुळे माल खाली सांडत नाही. तापल्यावर काडी जळून जाते आणि तिच्या जागी वाफेला वाट तयार होते. हेच ते भोक. भट्टीला दोन मजले: वर आग आणि मुशी, मधे भोकं असलेली मातीची जाळी, खाली थंड कप्पा. नळ्या जाळीतून खाली उतरलेल्या. वाफ नळीतून खाली येते, निवते आणि जस्त थेंबाथेंबाने खालच्या भांड्यात पडतं. वितळबिंदू ४२० अंश असल्याने खालचा कप्पा फार गरम नको आणि फार गारही नको. नाहीतर धातू नळीतच गोठून वाट बंद.

१९८३ साली या भट्ट्या जागच्या जागी सापडल्या. सात भट्ट्या एका ओळीत. प्रत्येकीत सहा गुणिले सहा म्हणजे ३६ मुशी. एका वेळी पेटवल्या तर २५२. मूस एकदा वापरली की संपली, कारण ती काच होऊन जायची. म्हणजे दर खेपेला नव्या २५२ मुशी, नव्या २५२ नळ्या. कुणीतरी माती मळत होतं, कुणी साच्यावर मुशी घडवत होतं, कुणी खनिज फोडून निवडत होतं, कुणी जंगलातून लाकूड आणत होतं. आज त्या मुशींचे ढिगारे टेकड्यांएवढे आहेत, लाखो टनांचे.

जावरबद्दल आपल्याकडे लिहिलं जातं ते बहुतेक ‘जगात पहिलं जस्त भारतात’ या एका वाक्यात संपतं. मला त्या पहिलेपणापेक्षा तो ढीग जास्त बोलका वाटतो. एखाद्या रसायनज्ञाला मठात बसून एकदा जस्त मिळणं वेगळं आणि डोंगरातल्या गावाने शतकानुशतकं ते टनांनी काढणं वेगळं. दुसऱ्या गोष्टीला कुंभार लागतात, खाणकामगार लागतात, भट्टीवाले लागतात, आणि त्यांतल्या एकाचंही नाव कुठे नोंदलेलं नाही. नावं राहिली ती राजांची आणि राजकन्यांची. महाराणा लाखाच्या काळात, चौदाव्या शतकाच्या अखेरीस, जावरची खाण नावारूपाला आली असं मेवाडची परंपरा सांगते. राणा कुंभाची मुलगी रमाबाई हिने जावरला विष्णूचं देऊळ आणि कुंड बांधलं. देवळं सुंदर आहेत, जरूर बघा. पण तो खर्च ज्या कष्टांतून आला त्यांचा पुरावा बाजूला ढिगात पडलाय.

कुणी गेलं असेल, कुणाला खाणीचं आतलं माहीत असेल तर जरूर लिहा.

निळाई

फारच छान. काडीचं वाचून थक्क झाले. एक शंका. चांदी शिशाबरोबर मिळते म्हणालात, मग ती वेगळी कशी करायचे? आणि जस्त-शिसं एकत्र असेल तर आधी काय काढायचे?

भूगर्भ

निळाई, चांदीचं काम त्या मानाने सोपं. गॅलेनापासून शिसं वितळवून घ्यायचं. चांदी शिशातच राहते. मग ते शिसं हाडांच्या राखेच्या किंवा तशाच शोषून घेणाऱ्या उथळ वाटीत ठेवून वरून हवा फुंकत तापवायचं. शिशाचं ऑक्साइड होतं, ते वाटी शोषून घेते आणि शेवटी चांदीचा मणी चमकत राहतो. सोन्या-चांदीची शुद्धता तपासणाऱ्या प्रयोगशाळांत आजही लहान प्रमाणात हेच करतात.

खनिजं वेगळी करायला हात आणि डोळा. गॅलेना चकचकीत, शिशासारख्या करड्या रंगाचं, चौकोनी फुटणारं आणि हातात घेतलं की वजनाला चटकन कळतं. स्फॅलेराइट मधाळ ते काळपट, हलकं. फोडून, धुऊन निवडणाऱ्या बायाबापड्यांना हे आपल्यापेक्षा चांगलं कळत असणार. स्फॅलेराइट हे गंधकाचं खनिज, त्यामुळे आधी उघड्यावर भाजून गंधक उडवायचं आणि मग मुशीत. त्या भाजण्याचा धूर गावावर काय येत असेल याची कल्पना करवत नाही.

कॅपलॅम्प

धागा बघून राहवलं नाही. भंडाऱ्याकडे भूमिगत मँगनीज खाणीत माझी उभी नोकरी गेली. जावरला निवृत्तीनंतर गेलो होतो, चालू खाणीत नव्हे, वरच्या जुन्या कामांची तोंडं बघायला. आत जायला मनाई आहे आणि ती योग्यच आहे.

जुन्या कामाची भिंत बघितली की आमच्यासारख्याला लगेच कळतं की ही सुरुंगाची नाही. सुरुंगाने फोडलेला खडक कोनाकोनाचा, धारदार, त्यात ड्रिलच्या अर्ध्या खोबण्या राहिलेल्या. इथली भिंत गोलसर, गुळगुळीत, खडकाला आतून खरवडून काढल्यासारखी. हे आगीचं काम. खडकाच्या तोंडाशी लाकडं रचायची, पेटवायची, खडक तापून फुगतो आणि त्याला तडे जातात, पापुद्रे सुटतात. मग लोखंडी छिन्नी-हातोड्याने ते सुटे पापुद्रे पाडायचे. पुन्हा लाकडं, पुन्हा आग. डोलोमाइट कठीण असतो. नुसत्या छिन्नीने दिवसाला बोटभर पुढे सरकणं मुश्कील. कोळसा आणि राख आत साचून राहते, आणि त्याच कोळशामुळे आज वय काढता येतं.

बाहेरच्या माणसाच्या लक्षात येत नाही ते पुढचं. जमिनीखाली आग लावली की धूर कुठे जाणार? आग जळत असताना कुणी आत थांबू शकत नाही. धूर निघून जाईपर्यंत वाट बघावी लागते आणि धूर निघाला तरी कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, वास येत नाही. म्हणजे हवा येण्याची एक वाट आणि जाण्याची दुसरी वाट ठेवल्याशिवाय हे काम शक्यच नाही. जुन्या कामांना वर जी एकाहून जास्त तोंडं दिसतात त्यांना अर्थ आहे. अशा खाणीत पंखा नसतो, हवा नैसर्गिक ओढीनेच फिरते. उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात तिची दिशा बदलते, कारण आतलं तापमान जवळपास तेच राहतं आणि बाहेरचं बदलतं. हे तिथल्या माणसांना अनुभवाने माहीत असणारच, नाहीतर ती शंभर मीटरच्या खाली पोचली नसती.

दुसरं छताचं. आम्ही पाळीच्या सुरुवातीला सळईने छत वाजवून बघायचो. खणखणीत आवाज आला तर खडक धडधाकट, बद्द आला तर वर पोकळी आहे, तो भाग आधी पाडायचा. आगीने तापवलेल्या छताचा तर भरवसाच नाही. निवतानाही ते सुटत राहतं. जुन्या कामांत लाकडी शिड्या, मचाणं, आधाराचे खांब सापडले आहेत. दोन हजार वर्षांपूर्वीचं ते लाकूड टिकलं कसं असं लोक विचारतात. ओल्या, बंद, हवा न हलणाऱ्या जागेत लाकूड टिकतं, हे खाणीत काम केलेल्या कुणालाही पटेल. ज्याने तो खांब ठोकला त्याचं काम बघून माझा हात आपोआप सलामासाठी कपाळाला गेला.

तांबटआळी

कॅपलॅम्पकाका, हा प्रतिसाद स्वतंत्र लेखाच्या तोडीचा आहे.

पितळेबद्दल थोडी भर. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या भांड्यांचं काम होतं. सुटं जस्त मिळायच्या आधीही पितळ होतं. तांब्याचे तुकडे जस्ताच्या खनिजाबरोबर आणि कोळशाबरोबर झाकणबंद मुशीत तापवायचे, जस्ताची वाफ थेट तांब्यात मुरते. पण त्या रीतीने पितळात जस्ताचं प्रमाण २८ टक्क्यांच्या फार पुढे जात नाही. त्याहून जास्त जस्ताचं, पिवळंधमक पितळ हवं असेल तर सुटं जस्तच लागतं. म्हणून जुन्या पितळी वस्तूंचं पृथक्करण करताना जस्त किती, हे अभ्यासक आधी बघतात. त्यावरून धातू कसा मिळाला याचा अंदाज येतो.

मुशीत जस्त टाकताना आजही तांबट सावध असतो. तांबं आधी वितळवायचं, जस्त शेवटी, आणि ते दाबून आत बुडवायचं. वर राहिलं तर भपकन पांढरा धूर होऊन निम्मं उडून जातं.

पत्रा_आणि_ठिणगी

तांबटआळी, त्या पांढऱ्या धुराबद्दल मी सांगतो. इचलकरंजीत फॅब्रिकेशनचं काम आहे माझं. गॅल्व्हनाइज्ड पत्रा किंवा पाइप वेल्डिंग केला की तोच धूर. बंद जागेत काम झालं तर संध्याकाळी तोंडाला गोड-धातूसारखी चव, मग थंडी वाजून ताप, अंग मोडून येतं आणि दुसऱ्या दिवशी उतरतो. आमच्याकडे पोरं दूध पितात, त्याचा काही उपयोग होत नाही. जस्त आधी घासून काढायचं, मोकळ्या हवेत काम करायचं आणि तोंडावर धुराचा मास्क लावायचा. ‘मेटल फ्यूम फीवर’ म्हणतात याला. जावरच्या भट्टीवाल्यांना हा ताप कितीदा आला असेल.

भूगर्भ

हे फार महत्त्वाचं लिहिलंत. त्यात शिसंही होतं, आणि शिशाचा त्रास दुसऱ्या दिवशी उतरत नाही. तो शरीरात साठत जातो.

ग्रंथवेडी

डोंगरवाट, एका वाक्याशी सहमत नाही. मठातला रसायनज्ञ आणि गावातला भट्टीवाला इतके वेगळे करता येत नाहीत. ‘रसरत्नसमुच्चय’ या रसशास्त्राच्या संस्कृत ग्रंथात ‘वृंताक मूषा’ सांगितली आहे, म्हणजे वांग्याच्या आकाराची मूस. तिला बारा अंगुळं लांब नळी, नळीचं तोंड धोत्र्याच्या फुलासारखं उमललेलं. उपयोग कशाला, तर खर्पराचं, म्हणजे जस्ताच्या खनिजाचं सत्त्व काढायला. जावरच्या मुशी डोळ्यांसमोर आणा आणि हे वर्णन वाचा. आकार जुळतो, नळी जुळते, कामही जुळतं. लिहिणाऱ्याने कुठेतरी भट्टी बघितली होती किंवा भट्टीवाल्याशी बोलणं झालं होतं, असं मला वाटतं. ग्रंथ पुण्याच्या आनंदाश्रमाने १८९० मध्ये छापला, जुन्या वाचनालयांत अजून मिळतो.

डोंगरवाट

ग्रंथवेडी, मान्य. लिहिताना मी दोन टोकं जरा जास्तच लांब ओढली. ग्रंथातलं वर्णन मुशीपुरतं नेमकं आहे. माझा मुद्दा एवढाच की ३६ मुशींची भट्टी आणि तशा सात भट्ट्यांची ओळ ग्रंथात नाही, ती जमिनीत आहे. प्रयोगाचा कारखाना करायला जे डोकं लागतं ते त्या लोकांचं.

सह्यकडा

अभिमान वाटला! १७३८ मध्ये इंग्लंडमधे ब्रिस्टलच्या विल्यम चॅम्पियनने जस्त काढायचं पेटंट घेतलं, तेही असंच वाफ खाली उतरवून. हे सरळ सरळ आपल्याकडून चोरलेलं तंत्र आहे. शाळेत हे शिकवलं पाहिजे.

डोंगरवाट

सह्यकडा, जावर शाळेत शिकवावं यावर दुमत नाही. चोरीबद्दल मात्र जपून बोलू या. साम्य ठळक आहे, कारण वाफ वर न जाऊ देता खाली आणणं ही सहज सुचणारी गोष्ट नाही. चीनमधे त्याच काळात जस्त निघत होतं, तिथे वाफ मुशीच्या वरच्या भागातच धरायचे. त्यामुळे चॅम्पियनला कल्पना पूर्वेकडून, बहुधा भारतातून मिळाली असावी असं मानणारे अभ्यासक आहेत, आणि मलाही ते शक्य वाटतं. पण कुणी कधी कुणाला सांगितलं याचा थेट पुरावा नाही. चॅम्पियनचं साधन दिसायलाही वेगळं होतं: मोठी मूस, तिच्या तळातून निघणारी लोखंडी नळी आणि खाली पाणी. जावरचं मोठेपण ब्रिस्टलच्या दाखल्यावर टांगून ठेवायची गरज नाही. १९८८ मध्ये अमेरिकन सोसायटी फॉर मेटल्सने जावरला आंतरराष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा मान दिला, तो मुशी आणि भट्ट्या बघून.

विश्वामित्री

वडोदऱ्याहून लिहितेय. या शोधात आमच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचा मोठा वाटा आहे, तो कुणी सांगितला नाही म्हणून. ऐंशीच्या दशकात ब्रिटिश म्युझियम, जावरची खाण चालवणारी हिंदुस्तान झिंक कंपनी आणि इथला पुरातत्त्व विभाग यांनी मिळून जावरचं काम केलं. ब्रिटिश म्युझियमचे पॉल क्रॅडॉक, इथले के. टी. एम. हेगडे, हिंदुस्तान झिंकचे एल. के. गुर्जर ही त्यातली महत्त्वाची नावं. जमिनीखालच्या जुन्या कामांची पाहणी लिन विलीज यांनी केली, ते इंग्लंडमधल्या पीक डिस्ट्रिक्टच्या जुन्या शिशाच्या खाणींचे जाणकार. म्हणजे एका डोंगरी खाणीचा माणूस दुसऱ्या डोंगरी खाणीत आला आणि त्याला काय बघायचं ते कळलं. कॅपलॅम्पकाकांचा प्रतिसाद वाचताना हेच आठवलं.

फुटक्या मुशीतला गाळ प्रयोगशाळेत तपासून मिश्रणात काय होतं, आग किती तापली होती, हे काढलं गेलं. टाकाऊ म्हणून पडलेल्या मालातून एवढी माहिती निघाली.

नर्मदातीर

एक नावडती गोष्ट काढतो. जावर बंद पडायला मराठी फौजा जबाबदार होत्या असं कुठेतरी वाचलं होतं. शिंद्यांकडे मेवाडचा जो मुलूख गहाण गेला त्यात जावद होतं, ते हेच का? जाणकारांनी सांगावं.

मोडीवाचक

नर्मदातीर, जावद वेगळं. ते नीमचजवळ आहे, आज मध्य प्रदेशात. जावर उदयपूरच्या दक्षिणेला. नावं जवळची असल्याने गल्लत होते.

पण तुमचा प्रश्न टाळण्यासारखा नाही. १७३६ मध्ये पहिला बाजीराव उदयपूरला गेला आणि मेवाडने वार्षिक खंडणी मान्य केली. पुढे ती थकत गेली, वाढत गेली. मेवाडच्या गादीच्या भांडणात मराठी सरदार एकेका बाजूने उतरले. १७६९ मध्ये महादजी शिंद्यांनी उदयपूरला वेढा घातला. तडजोडीची रक्कम देता येईना म्हणून नीमच, जावद असे परगणे शिंद्यांकडे गेले. होळकरांनीही आपला वाटा घेतला. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला मेवाडची अवस्था इतकी वाईट होती की १८१८ च्या जानेवारीत महाराण्याने इंग्रजांशी तह केला. त्यातच १८१२-१३ चा भीषण दुष्काळ. जावरच्या भट्ट्या याच सुमारास थंड झाल्या.

अशी खाण एका हल्ल्याने बंद पडत नाही. पाणी उपसायला माणसं लागतात, लाकडाची ने-आण सुरळीत लागते, माल बाजारात नेणारे वणजारी लागतात, आणि राज्याला पुढच्या वर्षाची खात्री लागते. हे सगळं एकामागून एक तुटत गेलं, आणि त्यात आपल्या फौजांचा हात नक्की होता. ते स्पष्ट म्हणावं. १८१८ मध्ये इंग्रजांचा प्रतिनिधी म्हणून मेवाडात आलेल्या कर्नल टॉडने जावरचा उल्लेख कथिलाची खाण म्हणून केला आहे आणि एके काळी तिचं उत्पन्न लाखांच्या घरात होतं असं लिहिलंय. तो येईपर्यंत इथे काय निघत होतं हेसुद्धा नीट सांगणारं कुणी उरलं नव्हतं, असा मी त्याचा अर्थ लावतो.

नर्मदातीर

धन्यवाद, मोडीवाचक. सरळ उत्तर दिलंत. मग नंतर सुरू का झाली नाही? इंग्रजांना जस्त नको होतं का?

भूगर्भ

१८२० च्या दशकापासून युरोपातलं, मुख्यतः सायलेशियाचं (हा भाग आज बहुतांश पोलंडमध्ये आहे) जस्त हिंदुस्थानात येऊ लागलं. दगडी कोळशावर, मोठ्या भट्ट्यांतून निघालेलं स्वस्त जस्त. त्यापुढे हाताने मुशी घडवून काढलेला माल टिकला नसता. शिवाय शंभर-दीडशे वर्षं खाण पाण्याने भरून राहिली. १९४० च्या दशकात मेटल कॉर्पोरेशन ऑफ इंडियाने मोचिया मगऱ्याला पुन्हा काम सुरू केलं. १९६६ मध्ये सरकारने ते ताब्यात घेऊन हिंदुस्तान झिंक स्थापन केली. २००२ मध्ये ती खाजगी हातात गेली. त्याच डोंगरांतून आजही जस्त-शिसं निघतंय, आता यंत्रांनी आणि खूप खोलवरून.

उदगीरकर

आमच्या भागाचा एक धागा जोडतो. उदगीरहून बीदर जवळच. बिदरी कामाच्या सुरया, हुक्क्याचे तळ, पानदान आमच्या आजोळी होते. ते मुळात जस्तच. ९० टक्क्यांहून जास्त जस्त, थोडं तांबं. ओतून घडवायचं, त्यात कोरून चांदीची तार ठोकायची आणि मग बीदरच्या किल्ल्यातली माती आणि नवसागर लावून घासायचं. जस्त काळंभोर होतं, चांदी तशीच राहते. कारागिराने माझ्यासमोर माती जिभेवर ठेवून चव घेतली आणि मगच वापरली. बहमनी काळापासूनची ही कला. तिला लागणारं जस्त जावरहून यायचं का?

डोंगरवाट

उदगीरकर, माती चाखून बघण्याचं वर्णन अप्रतिम. प्रश्न अगदी बरोबर जागी विचारलात. बिदरीची भरभराट आणि जावरची भरभराट एकाच काळातली आहे, त्यामुळे जावरचं जस्त दख्खनेत पोचत असावं असं मानायला जागा आहे. दुसरीकडे, समुद्रमार्गे चिनी जस्तही पश्चिम किनाऱ्यावर उतरत होतं. जुन्या बिदरी वस्तूंतल्या शिशाचे समस्थानिक (एकाच मूलद्रव्याचे वजनाने वेगळे अणू) तपासले, तर धातू कुठल्या खाणीतला याचा माग काढता येतो. एखाद्या संशोधक विद्यार्थ्याने हा विषय घ्यायला हवा. मला मनापासून वाटतं की यातून दख्खन आणि मेवाड यांच्या व्यापाराचं एक अख्खं पान उघडेल.

निळाई

इतकं वाचल्यावर जायचं ठरवतेय. कसं जायचं? आई बरोबर असेल, तिला फार चढ जमत नाही.

कॅपलॅम्प

निळाईताई, अहमदाबाद-उदयपूर रेल्वेमार्गावर जावर स्टेशन आहे. ही लाइन ब्रॉडगेज होऊन २०२२ च्या ऑक्टोबरात सुरू झाली. कुठल्या गाड्या तिथे थांबतात ते आधी बघून घ्या. उदयपूरहून गाडी करून गेलात तर सोयीचं. जावर माता मंदिर नदीकाठीच आहे, आईंना तिथे बसता येईल. जुनी देवळं आणि मुशींचे ढीग आसपासच आहेत, त्यासाठी फार चढ नाही. जुन्या खाणींच्या तोंडाशी मात्र जाऊ नका. काठ भुसभुशीत असतो, खाली किती खोल आहे ते वरून कळत नाही, आणि आत हवा कशी असेल सांगता येत नाही. परिसर चालू खाणीचा आहे, त्यामुळे जिथे अडवतील तिथून मागे फिरा. डिसेंबर-जानेवारीत जा, मे महिन्यात तो डोंगर भाजून काढतो.

सह्यकडा

मी पण येतो पुढच्या थंडीत. आठवण म्हणून एखादी फुटकी मूस आणली तर चालेल का? तिथे लाखो पडल्यात म्हणता.

विश्वामित्री

नका आणू, सह्यकडा. लाखो आहेत खऱ्या, पण कुठल्या थरात, कुठल्या भट्टीजवळ कुठली मूस पडलीय यावरूनच आधीची कुठली आणि नंतरची कुठली ते कळतं. काळानुसार त्यांचे आकार बदललेत. उचलून शोकेसमधे ठेवली की ती नुसती भाजलेली माती. शिवाय रस्त्यासाठी, भरावासाठी असे ढीग हलवले जाण्याचा धोका असतोच. त्यात आपण भर घालू नये. फोटो काढताना बाजूला पट्टी ठेवा, म्हणजे मापाचा अंदाज येतो, आणि ते फोटो इथे टाका.

सह्यकडा

पटलं. पट्टी घेऊन जातो. भिंतीतल्या मुशींचेही फोटो काढीन, लांबी-रुंदी मोजून टाकतो.

डोंगरवाट

सह्यकडा, मोजताना नळीचं तोंड आणि मुशीचं पोट वेगवेगळं मोजा, आणि भिंत कुठल्या बाजूची तेही लिहा. माझ्याकडचीही काही मापं आहेत, ती या आठवड्यात इथेच देतो. ग्रंथवेडी, जमलं तर मुशीच्या वर्णनाचे मूळ श्लोक टंकून द्याल का? अंगुळांची मापं आणि प्रत्यक्ष मापं शेजारी ठेवून बघू.